ग्रंथालयातील मराठी फाइली लिबरऑफिस आणि वर्ड-एक्सेल यांच्यात न विस्कटता कशा पाठवाव्यात?

ग्रंथपाल_दक्षिणकसबा

नमस्कार.

सोलापुरातील एका ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात मी ग्रंथपाल म्हणून काम पाहते. आमच्याकडे चार संगणक आहेत. दीड वर्षापूर्वी नवे परवाने विकत घेण्याची वेळ आली तेव्हा कार्यकारी मंडळाने चारही संगणकांवर उबुंटू 22.04 ही मोफत कार्यप्रणाली आणि तिच्याबरोबर येणारे लिबरऑफिस हे वर्ड-एक्सेलसारखे मोफत प्रोग्राम बसवून घेतले. वाचलेल्या पैशांतून बालविभागासाठी पुस्तके आली, त्यामुळे हा निर्णय योग्यच होता असे मला आजही वाटते. ग्रंथालयाच्या आतले सगळे काम विनातक्रार चालते. अडचण सुरू होते ती फाइल आमच्या दाराबाहेर पडली की.

पहिली अडचण वार्षिक अहवालाची. तो मी लिबरऑफिसच्या रायटरमध्ये तयार केला, 16 पानांच्या दोन फर्म्यांत बसावा म्हणून बरोबर 32 पानांत आणला आणि वर्डच्या डॉकएक्स स्वरूपात छापखान्याकडे पाठवला. तेथे तो 37 पानांचा झाला. जमाखर्चाचे तक्ते मधोमध तुटले आणि अध्यक्षांच्या स्वाक्षरीची जागा एका कोऱ्या पानावर एकटीच जाऊन बसली. शेवटी छापखान्यातील माणसाने दोन दिवस बसून ती फाइल पुन्हा जुळवली आणि त्याचे वेगळे पैसे आम्हाला द्यावे लागले.

दुसरी अडचण हिशेबाची. आमचे सनदी लेखापाल एक्सेलमध्ये तयार केलेली एक्सएलएसएक्स फाइल पाठवतात. ती लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडली की दोन रकान्यांत आकड्यांच्या जागी नावाची त्रुटी (#NAME?) दिसते, आणि मी भरलेल्या काही तारखांत दिवस व महिना यांची अदलाबदल झाल्याचे त्यांनी कळवले आहे. सभासदांची यादी मी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल, करून दिली, तर त्यांच्याकडे मराठी नावांऐवजी अगम्य चिन्हांच्या ओळी दिसल्या.

तिसरी गोष्ट म्हणजे अनुदानासंबंधीचे काही नमुने आमच्याकडे अजूनही जुन्या डॉक स्वरूपात येतात. ते भरताना ठिपक्यांच्या ओळी पुढे सरकतात आणि एका पानाचा नमुना दीड पानाचा होतो.

याखेरीज आमची दाखल नोंदवही आहे. तिचा जुना भाग, सुमारे 9,000 पुस्तकांचा, पूर्वीच्या लिपिकांनी युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व लिप्यांची सामाईक संकेतप्रणाली रूढ होण्याआधीच्या, मराठी फॉन्टमध्ये टंकलेला आहे. आपल्या गावाच्या स्वभावाप्रमाणे तिच्यात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि थोडी उर्दू पुस्तकेही आहेत.

पुढील बैठकीत एक सदस्य सर्व संगणकांसाठी वर्ड विकत घ्यावे असा ठराव मांडणार आहेत. त्यांचा त्रास खरा आहे, म्हणून मला त्यांना नुसता विरोध करायचा नाही, उत्तर द्यायचे आहे. आम्ही सर्व फाइली पहिल्यापासून डॉकएक्समध्येच ठेवाव्यात का? की दोष आमच्या मांडणीत आहे? ज्यांनी हे प्रत्यक्ष हाताळले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

अक्षरजुळणी_साखरपेठ

ताई, नमस्कार. मी साखर पेठेत अक्षरजुळणीचे काम करतो आणि बाहेरून आलेल्या मराठी फाइली रोज उघडतो, म्हणून छापखान्याच्या बाजूने काय घडते ते सांगतो.

अहवालाची पाने वाढली याचे खापर डॉकएक्सवर फोडण्याआधी फॉन्ट तपासावा. डॉकएक्स फाइल म्हणजे झिप केलेले एक गाठोडे असते. त्यात मजकूर, चित्रे आणि मांडणीच्या सूचना असतात. फॉन्टचे मात्र फक्त नाव असते. आपण उबुंटूमधील लोहित देवनागरी वापरला असेल आणि छापखान्याच्या विंडोजवर तो नसेल, तर वर्ड त्याच्या जागी मंगल किंवा निर्मला यांसारखा स्वतःकडचा फॉन्ट लावतो. देवनागरी फॉन्टांच्या ओळीच्या उंचीत मोठा फरक असतो, कारण वेलांटी, रफार आणि खालचे उकार यांसाठी प्रत्येक फॉन्टकार वेगळी जागा सोडतो. पानावर 34 ओळींऐवजी 30 ओळी बसू लागल्या की 32 पानांच्या 1,088 ओळींना 37 पाने लागतात. आपले नेमके तेच झाले असावे.

रोमन मजकुराला ही अडचण कमी येते. कॅलिब्रीसाठी कार्लिटो, कॅम्ब्रियासाठी कॅलॅडिया आणि एरिअल, टाइम्स न्यू रोमन, कुरिअर न्यू यांच्यासाठी लिबरेशन कुटुंबातील फॉन्ट असे मुक्त पर्याय आहेत आणि त्यांच्या प्रत्येक अक्षराची रुंदी मूळ फॉन्टशी मुद्दाम जुळवलेली आहे. ते आपल्या संगणकांवर बसवलेले आहेत ना, एवढे पाहावे. मंगलला असे जुळे भावंड लिबरऑफिसबरोबर येत नाही. म्हणून मराठीसाठी उलट वाट धरावी लागते: दोन्ही बाजूंना फुकट आणि कायदेशीरपणे बसवता येईल असा एकच फॉन्ट ठरवायचा. नोटो सॅन्स देवनागरी किंवा ‘मुक्त’ (Mukta) हे दोन्ही फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत. मी स्वतः अहवालासाठी मुक्त सुचवेन, कारण त्याची वजने पुष्कळ आहेत आणि मथळे चांगले उठतात.

फॉन्ट फाइलमध्येच घालून पाठवण्याचीही सोय आहे. रायटरमध्ये फाइल, प्रॉपर्टीज आणि तेथे फॉन्ट हा विभाग उघडून दस्तऐवजात फॉन्ट समाविष्ट करण्याच्या पर्यायावर खूण करावी. त्याखाली कोणत्या लिप्यांचे फॉन्ट घालायचे ते विचारले जाते. त्यात कॉम्प्लेक्स म्हणजे आपल्या लिप्यांचा जो पर्याय आहे त्यावर खूण राहिली पाहिजे, नाहीतर नेमका देवनागरी फॉन्टच मागे राहतो.

आता जे सांगतो त्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक फाइली यामुळे बिघडलेल्या असतात. लिबरऑफिस आणि वर्ड दोघेही प्रत्येक मजकुरासाठी रोमन लिपीचा फॉन्ट व आकार एका खान्यात आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा फॉन्ट व आकार दुसऱ्या खान्यात नोंदवतात. ठळकपणाचीही नोंद दोन ठिकाणी असते. आपण मराठी मथळा निवडून वरच्या पट्टीवरून आकार 18 केला की लिबरऑफिस तो देवनागरीच्या खान्यात लिहिते. रोमनच्या खान्यात जुना 12 तसाच राहतो. आपल्या पडद्यावर सर्व ठीक दिसते. मात्र अंक, स्वल्पविराम, कंस यांना स्वतःची लिपी नसते आणि त्यांना कोणत्या खान्याचे माप लावायचे हे दोन्ही प्रोग्राम सारखेच ठरवतील याची खात्री नसते. मग ‘सन 2023-24 चा अहवाल’ या मथळ्यात शब्द मोठे आणि आकडे बारीक असे रूप येते.

यावर उपाय शैलींचा आहे. टूल्स, ऑप्शन्स आणि भाषांच्या विभागात जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट सुरू करावे आणि त्याची भाषा मराठी ठेवावी. भाषा मराठी ठेवण्याचा आणखी एक लाभ असा की, ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाऐवजी आपल्या मराठी वळणाने दिसतात. त्यानंतर एफ 11 दाबून शैलींची पट्टी उघडावी, मूळ परिच्छेद शैलीत दोन्ही खान्यांत एकच फॉन्ट आणि एकच आकार भरावा आणि मथळ्यांच्या शैलींतही तसेच करावे. मजकूर निवडून वरच्या पट्टीवरून आकार बदलण्याची सवय मात्र सोडावी लागेल. ते सुरुवातीला जड जाते, हे मी मान्य करतो.

पाने अजिबात हलू नयेत असे वाटत असेल तर ओळींमधील अंतर प्रमाणात न देता ठरावीक द्यावे. 12 आकाराच्या मराठी मजकुराला 20 पॉइंट ठेवले तर वेलांट्या कापल्या जात नाहीत आणि फॉन्ट बदलला तरी ओळींची उंची तीच राहते. स्वाक्षरीची जागा पुढच्या पानावर एकटी जाऊ नये म्हणून तिच्या आधीच्या परिच्छेदांना ‘पुढच्या परिच्छेदासोबत ठेवा’ ही सूचना द्यावी. एंटर मारून जागा करू नये.

आणि ताई, छापायला देताना डॉकएक्स पाठवूच नये. पीडीएफ पाठवावी, तिच्यात फॉन्ट आपोआप जातात. छापखाना दुरुस्तीसाठी फाइल मागतो तेव्हा डॉकएक्ससोबत पीडीएफही द्यावी, म्हणजे मूळ रूप कसे होते हे समोरच्याला कळते.

हिशेबनीस_अक्कलकोटरोड

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फॉन्टबद्दल मला अधिक सांगता येणार नाही. मी अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब पाहतो. परदेशी गिऱ्हाइकांच्या मालाच्या याद्या आणि आमच्या लेखापालांच्या फाइली सर्व एक्सएलएसएक्समध्ये येतात आणि मी कॅल्कवर काम करतो. म्हणून फक्त हिशेबाच्या भागाबद्दल लिहितो.

नावाची त्रुटी दिसते तिचे कारण बहुधा आपल्या लिबरऑफिसची आवृत्ती आहे. उबुंटू 22.04 बरोबर 7.3 ही आवृत्ती येते. आजकाल लेखापाल एक्सेलमधील एक्सलुकअप, फिल्टर, सॉर्ट, युनिक ही नवी फंक्शने सर्रास वापरतात आणि ती कॅल्कमध्ये 24.8 या आवृत्तीपासून, म्हणजे ऑगस्ट 2024 पासून आली. त्याआधीच्या आवृत्तीला ते नावच ओळखता येत नाही. लिबरऑफिसच्या संकेतस्थळावरील डेब संच किंवा फ्लॅटपॅक (उबुंटूवर प्रोग्राम बसवण्याचे हे दोन प्रकार) वापरून नवी आवृत्ती बसवावी. त्यासाठी उबुंटू बदलण्याची गरज नाही. ते लगेच जमत नसेल तर लेखापालांना विनंती करावी की, एक्सलुकअपच्या जागी इंडेक्स आणि मॅच ही जोडी वापरावी, कारण ती जुन्या-नव्या सर्व ठिकाणी चालते. आमच्या लेखापालांनी ही विनंती एका फोनवर मान्य केली.

एक सावधगिरी. एक्सेलची फाइल उघडताना कॅल्क मूळ ठेवणीनुसार पुन्हा गणित करत नाही, एक्सेलने शेवटी साठवलेली उत्तरेच दाखवते. त्यामुळे आकडे बरोबर दिसतात आणि आपण एखादा खाना बदलल्यावर अचानक त्रुटी येते. आलेली फाइल उघडल्याबरोबर कंट्रोल, शिफ्ट आणि एफ 9 एकत्र दाबून सक्तीने गणित करून घ्यावे. काही बिघडणार असेल तर ते तेव्हाच दिसते, ताळेबंदावर सही झाल्यानंतर नाही. मी एकदा हे न करता बेरीज पुढे पाठवली होती आणि ती परत आली, तेव्हापासून हे चुकवत नाही.

तारखांसाठी टूल्स, ऑप्शन्स आणि भाषांच्या विभागातील लोकेल, म्हणजे कोणत्या देशाची पद्धत वापरायची ते, तपासावे. ते अमेरिकन इंग्रजीवर असेल तर 5/4 म्हणजे 4 मे धरले जाते. इंग्रजी (भारत) निवडले की 5 एप्रिल धरले जाते आणि चलन म्हणून रुपया येतो. मात्र आधी चुकीच्या भरल्या गेलेल्या तारखा यामुळे आपोआप सुधारत नाहीत. ज्या तारखांत दिवस 12 पर्यंतचा आहे, त्या डोळ्यांनी तपासाव्या लागतील, कारण त्यांतच अदलाबदल लपते. दिवस 13 किंवा पुढचा असेल तर अमेरिकन लोकेलमध्ये ती तारीख म्हणून स्वीकारलीच जात नाही, मजकूर म्हणून डावीकडे चिकटून राहते.

सीएसव्हीचा दोष आपला नाही. यूटीएफ-8 या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. एक्सेलने अशी फाइल जुन्या पाश्चात्त्य संकेतप्रणालीत उघडली की एका चिन्हाची तीन वेडीवाकडी चिन्हे होतात. लेखापालांना सांगावे की त्या फाइलवर दोनदा टिचकी न मारता एक्सेलमधील डेटा या विभागातून मजकूर फाइल आयात करावी आणि तेथे यूटीएफ-8 निवडावे. त्याच वेळी सभासद क्रमांकाचा रकाना मजकूर म्हणून घ्यावा, नाहीतर 0042 चा 42 होतो. खरे तर त्यांच्याकडे एक्सेल असताना यादी सीएसव्हीने पाठवण्याचे कारण नाही, एक्सएलएसएक्स पाठवावी.

आपल्या मुख्य प्रश्नाबद्दल माझे मत असे आहे की, ज्या फाइलवर दोन्ही बाजूंची माणसे वर्षभर आळीपाळीने काम करतात ती पहिल्या दिवसापासून एक्सएलएसएक्समध्येच ठेवावी. ओडीएस या कॅल्कच्या स्वतःच्या स्वरूपातून एक्सएलएसएक्स आणि पुन्हा उलट, अशा प्रत्येक फेरीत सशर्त रंग, पडताळणीच्या याद्या यांपैकी काहीतरी घासले जाण्याची शक्यता असते.

ग्रंथपाल_दक्षिणकसबा

दोघांचेही मनापासून आभार. मी शनिवारी आणि रविवारी बसून यातील बरेच करून पाहिले.

नवी आवृत्ती एका संगणकावर बसवली आणि लेखापालांची फाइल त्रुटीशिवाय उघडली. मग सक्तीचे गणित करून जुन्या छापील ताळेबंदाशी ताडून पाहिली, सर्व रकमा जुळल्या. तारखांच्या रकान्यात मात्र 61 नोंदी हाताने दुरुस्त कराव्या लागल्या.

अहवालाची मूळ फाइल तपासली तेव्हा ती लोहित देवनागरीत निघाली आणि रोमनच्या खान्यात सगळीकडे 12, तर देवनागरीच्या खान्यात तीन वेगवेगळे आकार होते. शैली नव्याने लावल्या, दोन्ही खान्यांत मुक्त भरला, ओळींचे अंतर ठरावीक केले, फॉन्ट समाविष्ट केला आणि माझ्या भाच्याच्या विंडोजवरील वर्डमध्ये फाइल उघडून पाहिली. 33 पाने आली. वाढलेले एक पान एका लांब तक्त्यामुळे होते. त्याच्या ओळींची उंची मी हाताने ओढून ठेवलेली होती. ती मोकळी सोडल्यावर 32 झाली. मला किती आनंद झाला ते शब्दांत सांगता येणार नाही, कारण गेल्या वर्षी याच अहवालापायी मी रात्री झोपले नव्हते.

आता दाखल नोंदवहीकडे वळले आहे. ती संपूर्ण रायटरच्या तक्त्यात आहे. वर सांगितल्याप्रमाणे तिच्यातही सर्व मजकुराला एकच फॉन्ट लावावा म्हणून पूर्ण फाइल निवडली, पण आपल्या साखर पेठेतील दादांना आधी विचारावे असे वाटले आणि हात मागे घेतला. कन्नड आणि तेलुगू शीर्षकांचे काय होईल, हेही कळत नव्हते.

जुळेसोलापूर_शिक्षक

मॅडम, हात मागे घेतलात हे फार चांगले केलेत. साखर पेठेतील दादांचा सल्ला युनिकोड मजकुरासाठी पूर्णपणे योग्य आहे, परंतु आपल्या जुन्या नोंदींना तो लावता येणार नाही, आणि याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे.

युनिकोडपूर्व फॉन्टांत मराठी अक्षर हे मराठी अक्षर म्हणून साठवलेले नसते. फाइलमध्ये रोमन अक्षरे आणि विरामचिन्हेच असतात. विशिष्ट फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीची आकृती रंगवतो. त्यामुळे लिबरऑफिसच्या दृष्टीने तो मजकूर रोमन खान्यातला असतो. आपण सर्व फाइल निवडून नोटो किंवा मुक्त लावला असता तर त्या 9,000 नोंदी रोमन अक्षरांच्या ढिगाऱ्यासारख्या दिसल्या असत्या. मजकूर नष्ट झाला नसता, पण कोणता तुकडा कोणत्या फॉन्टमध्ये होता ही माहिती पुसली गेली असती, आणि रूपांतरासाठी तीच एकमेव खूण असते. म्हणून मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवून द्यावी आणि तिला पुन्हा हात लावू नये.

त्यानंतर रायटरमधील शोधा व बदला या खिडकीत स्वरूपानुसार शोध घेऊन, फाइलमध्ये कोणकोणते जुने फॉन्ट आहेत ते काढावे. एकापेक्षा अधिक निघतील असे गृहीत धरावे, कारण लिपिक बदलला की फॉन्ट बदलायचा. प्रत्येक फॉन्टची अक्षररचना निराळी असते, त्यामुळे त्या त्या फॉन्टसाठी बनवलेलेच रूपांतरक वापरावे लागते. मधे आलेले इंग्रजी शब्द आणि प्रकाशनवर्षे आधी बाजूला काढावीत, नाहीतर रूपांतरक त्यांनाही मराठी समजून बदलून टाकते. रूपांतर झाल्यावर चार जागा डोळ्यांत तेल घालून वाचाव्यात: पहिली वेलांटी, जी जुन्या टंकनात व्यंजनाच्या आधी असे आणि युनिकोडमध्ये नंतर येते, रफार, ज्याची जागा अशीच बदलते, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतील अर्धा ऱ, आणि ष्ट्र, क्ष्म यांसारखी जोडाक्षरे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आले, त्यामुळे जुन्या रूपांतरकांत ते अ आणि चंद्र असे तुटून येऊ शकते. 9,000 नोंदी एकदम करू नयेत. दोनशे नोंदींचा एक गठ्ठा करून, वाचून, मगच पुढचा घ्यावा. आमच्या शाळेच्या ग्रंथालयाचे काम आम्ही असेच केले, त्याला एक उन्हाळ्याची सुट्टी लागली.

कन्नड आणि तेलुगूचा प्रश्न वेगळा आहे. देवनागरी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही लिप्यांसाठी लिबरऑफिसमध्ये एकच खाना आहे. त्या खान्यात आपण नोटो सॅन्स देवनागरी लिहिलेत तर त्यात कन्नड अक्षरेच नाहीत, म्हणून संगणक स्वतःच्या मर्जीने दुसरा फॉन्ट शोधतो. उबुंटूवर एक सापडतो, विंडोजवर निर्मला सापडतो, आणि तक्त्याच्या ओळी पुन्हा हलतात. यासाठी अक्षरशैली तयार कराव्यात: ‘कन्नड’ नावाच्या शैलीत नोटो सॅन्स कन्नड आणि भाषा कन्नड, तसेच तेलुगूसाठी. उर्दूसाठी नोटो नस्तालिक उर्दू घ्यावा; मात्र त्याला ओळीची उंची पुष्कळ लागते, म्हणून त्या ओळींना ठरावीक अंतर देऊ नये, अक्षरे कापली जातील. सोलापूरच्या ग्रंथालयात या भाषा एकाच पानावर शेजारी शेजारी नांदतात, तर त्यांच्या पुस्तकांची नावेही स्वच्छ दिसली पाहिजेत, एवढी काळजी आपण घ्यायलाच हवी. खरे सांगायचे तर दाखल नोंदवहीला रायटरचा तक्ता हे योग्य घर नाही. रूपांतर झाल्यावर ती कॅल्कमध्ये न्यावी, म्हणजे क्रमवारी आणि शोध दोन्ही सोपे होतील.

डॉक स्वरूपातील नमुन्यांना शैली वगैरे लावण्याचा प्रयत्न करू नये, कारण तो दस्तऐवज आपला नाही. टूल्स, ऑप्शन्स, फॉन्ट येथे बदल सारणी आहे. तेथे मंगलच्या जागी आपल्याकडील देवनागरी फॉन्ट नोंदवून ‘नेहमी’ या पर्यायावर खूण करावी. फाइलमधील फॉन्टचे नाव तसेच राहते, फक्त आपल्याकडचे दिसणे आणि छापणे सुधारते. फॉन्टच्या चौकटीत नाव तिरप्या अक्षरांत दिसले तर तो फॉन्ट आपल्याकडे नाही असे समजावे. ठिपक्यांवर लिहिताना इन्सर्टची कळ दाबून ठिपक्यांच्या जागीच लिहिले तर ओळ बरीचशी जागेवर राहते. भरलेला नमुना त्याच डॉक स्वरूपात जतन करावा.

स्वरूपाच्या प्रश्नावर माझे मत हिशेबनीसांपेक्षा थोडे वेगळे आहे. आळीपाळीने वापरायच्या हिशेबाबद्दल ते म्हणतात ते बरोबर. पण अहवाल, इतिवृत्ते, दाखल नोंदवही हे ग्रंथालयाचे स्वतःचे दप्तर आहे. त्याची मूळ प्रत ओपन डॉक्युमेंट या लिबरऑफिसच्या मूळ स्वरूपातच ठेवावी आणि बाहेर देताना डॉकएक्स किंवा पीडीएफ काढून द्यावी. ओपन डॉक्युमेंट 2005 मध्ये ओएसिस या मानके ठरवणाऱ्या संघटनेचे आणि 2006 मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे मानक झाले. मायक्रोसॉफ्टचे ओओएक्सएमएल, म्हणजे डॉकएक्स-एक्सएलएसएक्स यांमागचे स्वरूप, 2008 मध्ये आयएसओचे मानक झाले. त्या मतदानात भारतीय मानक ब्युरोने विरोधात मत दिले होते. 2010 मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरणही स्वीकारले. वर्डलाही 2009 पासून, म्हणजे ऑफिस 2007 च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून ओडीटी, म्हणजे ओपन डॉक्युमेंटमधील रायटरची फाइल, उघडता येते, हे आपल्या सदस्यांना सांगावे. पीडीएफ काढताना हायब्रिड हा पर्याय निवडला तर त्या पीडीएफच्या पोटात संपूर्ण ओडीटी जाते. इतरांना ती साधी पीडीएफ दिसते आणि आपल्याला लिबरऑफिसमध्ये उघडून दुरुस्त करता येते. जुनी इतिवृत्ते जपण्यासाठी मला हा प्रकार सर्वांत सोयीचा वाटतो.

आपल्यापैकी कोणाच्या संगणकावर अजून अपॅची ओपनऑफिस असेल तर ते काढून लिबरऑफिस घ्यावे. त्याला डॉकएक्स उघडता येते, पण त्या स्वरूपात जतन करता येत नाही.

अक्षरजुळणी_साखरपेठ

सरांनी माझी चूक वेळेवर दाखवली. जुन्या फॉन्टचा मुद्दा मी माझ्या उत्तरात स्पष्ट लिहायला हवा होता, कारण माझ्याकडे येणाऱ्या लग्नपत्रिका आणि अहवाल आजही त्याच फॉन्टांत असतात आणि मी तो भेद गृहीत धरून बसलो. ताई, दाखल नोंदवहीतील फॉन्टांची नावे येथे लिहिली तर त्यांपैकी कोणत्यांचे रूपांतरक माझ्याकडे आहे ते मी पाहतो.

ग्रंथपाल_दक्षिणकसबा

सर, दादा, आपले आणि हिशेबनीसांचे पुन्हा आभार. स्वरूपानुसार शोध घेतला तेव्हा नोंदवहीत तीन जुने फॉन्ट निघाले. त्यांची नावे आज संध्याकाळी संगणकावरून उतरवून येथेच लिहिते. मूळ फाइल पेनड्राइव्हवर ठेवून तो कपाटात कुलपात ठेवला आहे.

ठराव मांडणाऱ्या सदस्यांना मी काल ग्रंथालयात बोलावून 32 पानांचा अहवाल दोन्ही संगणकांवर शेजारी शेजारी उघडून दाखवला. त्यांनी दोन्हीकडची सर्व पाने उलटून पाहिली आणि अनुदानाचा नमुना भरून दाखवा म्हणाले. तो एका पानावर बसला, मात्र शेवटची ओळ अगदी काठावर आहे. बैठक 14 तारखेला आहे. तोपर्यंत तो नमुना दुसऱ्या एका विंडोज संगणकावर छापून पाहायचा आहे. कन्नड विभागातील पहिल्या 200 नोंदी तपासायला आमच्या एका सभासद आजींनी होकार दिला आहे.